रुखवतातला काळा मणी

साठ्यांच्या घरात पुरानंतरचं हे पहिलंच कार्य. त्यामुळे आज कुणालाही लागेल असं बोलायचं नाही, असं सरोजिनीबाईंनी मनाशी ठरवलं होतं आणि तो निश्चय सकाळच्या चहापर्यंत टिकला. मग आचाऱ्याला पाकावरून, गुरुजींना उशिरावरून आणि माधवरावांना नुसतं उभं राहण्यावरून त्यांनी ऐकवलं. माधवराव ऐकून घेत होते. धरण फुटलं त्या दिवशी नारायण पेठेतला त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना चिखलात गेला, तेव्हापासून त्यांचं बोलणं कमीच झालं होतं. पण लेकीच्या लग्नात तरी माणसानं जरा मिरवावं, असं सरोजिनीबाईंचं म्हणणं होतं.

मिरवण्याजोगं होतंही. कार्यालयाच्या माडीवर बाकं जोडून, त्यांवर पांढरी चादर अंथरून नीरजाचं रुखवत मांडलं होतं. सासरची माणसं मुलगी एकदा पाहून जातात, आणि रुखवताच्या वेळी तिची बोटं पाहतात. मण्यांचे राजहंस होते, काचेच्या नळ्यांचं तोरण होतं, सुपारीचे पगडीवाले गुरुजी होते. आणि मधोमध, साखरेच्या चौकोनी वड्या रचून केलेलं धरण होतं. खाली आरशाचं पाणी, कडेला वीजघर, वीजघरात बॅटरीचा बल्ब. नवरा मुलगा श्रीधर धरणावरचा इंजिनिअर, म्हणून.

धरणाला सरोजिनीबाईंचा सक्त विरोध होता. "ज्या घरात कमरेएवढा गाळ साचला, त्या घराच्या रुखवतात धरण मांडायचं? पेठेत तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आई, ते धरणं बांधतात, आणि धरणाचं पाणी आपल्या घरात आलं. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक झाकून काय करू?" नीरजा म्हणाली होती.

काल सीमांतपूजनानंतर श्रीधर स्वतःच माडीवर येऊन धरणापुढे वाकून उभा राहिला. "सांडवा मोठा ठेवलाय. बरं केलं," एवढंच बोलला आणि गेला. जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर सोडायची वाट म्हणजे सांडवा, हे माधवरावांनी समजावल्यावर सरोजिनीबाईंना जावई एकदम आवडून गेला.

त्यांना स्वतःला आवडला होता तो काळा मणी. नीरजाच्या प्रत्येक कामाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तो होता. काम कुठल्याही रंगाचं असो, शेवटचा मणी काळा ओवायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. ही सरोजिनीबाईंच्या माहेरची रीत. नीरजा फ्रॉक घालत होती तेव्हा तिच्या हातात सुई देऊन त्यांनीच ती शिकवली होती. पुढे बाकीचं सगळं तिनं आपल्या आत्याच्या, सुनीतीच्या कलावर्गात उचललं. दिवसदिवस ती तिथेच असायची. मुलगी शिकतेय म्हटल्यावर आईनं विचारायचं काय.

मुहूर्ताला अवकाश होता. वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला माडीवर आल्या. पुढे विहीणबाई द्वारकाबाई करमरकर, त्यांच्या शेजारी त्यांच्या मुलीची, कुमुदची सासू. कुमुदचं लग्न गेल्याच वर्षी झालं होतं, आणि तिला दिवस गेल्यामुळे ती आज आली नव्हती. मागोमाग श्रीधरचे काका आप्पासाहेब. करमरकरांच्या घरात श्रीधरचे वडील फक्त सही करत, बोलायचं काम आप्पासाहेबांचं.

"सगळं एकटीनं, हौसेनं केलंय हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बाजारातून टाचणीसुद्धा आणलेली नाही."

"दिसतंयच," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्या कुमुदलाही फार नाद. तिचे हंस आमच्या दिवाणखान्यात आहेत, तुम्ही पाहिलेत याद्यांच्या वेळी."

"बाकीचं सगळं आमच्याकडे," कुमुदच्या सासूबाई म्हणाल्या. "आल्यागेल्याला दाखवते मी. सुनेच्या हातचं म्हणून."

सरोजिनीबाईंना ती हंसांची चौकट आठवली. तेव्हा तिच्यात काहीतरी ओळखीचं वाटलं होतं, पण याद्यांत पंगती किती उठवायच्या यावरून तणातणी चालली होती आणि ते राहून गेलं होतं.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. ते बायकांच्या उद्योगांवर भाषणं देत. सुनीतीच्या वर्गाच्या प्रदर्शनाची फीतही त्यांनीच कापली होती. "एकीकडे देशात धरणं उभी राहताहेत, आणि दुसरीकडे आपल्या लेकीबाळींच्या हातून ही कला," ते म्हणाले. "राष्ट्राची प्रगती म्हणतात ती हीच."

तेवढ्यात जिन्यावर जोडव्यांचा आवाज झाला आणि नऊवारीतल्या एक धिप्पाड बाई, हातात नारळ आणि खण घेऊन, धापा टाकत वर आल्या.

"सुनीतीबाई कुठं हायत?" त्यांनी विचारलं. मग त्यांनाच सुनीती दिसली. "हितं हाय व्हय. म्या मांजरीहून आले. वर्गावर गेले तर कुलूप. शेजारीण म्हनली, पोरीचं लगीन हाय. म्हनलं, मग वटी भरल्याबिगर कशी जाऊ?"

सुनीती घाईनं पुढे झाली. "सोजरबाई, आपण खाली जाऊ या. चला."

पण सोजरबाईंची नजर धरणावर पडली होती. "अगं बया, ह्ये तर आमचं धरन. आमच्या शालूच्या रुखवताला ह्येच दिलं व्हतं की पोरीनं. आमचं जरा थोरलं व्हतं. सारी मांजरी लोटली बघाया. व्याही म्हनले, सूनबाईच्या हातात कला हाय. आन् आमच्या शालूला धड सुई धरता येत न्हाई." त्या मनापासून हसल्या. "आवंदा धाकटीचं हाय. तिला साखर कारखाना पायजे, धुराड्यासकट. आगाव सांगून ठिवते, पुन्हा म्हनाल येळ न्हाई."

माडीवर कुणीही हसलं नाही. सरोजिनीबाईंना वाटलं, ही बाई घर चुकली आहे. आता सुनीती तिला तसं सांगेल आणि सगळे हसतील. त्या वाट पाहत राहिल्या. सुनीतीनं काही सांगितलं नाही.

"म्हणजे ही कामं विकतात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मग? फुकाट देत्यात व्हय?" सोजरबाई म्हणाल्या. "रातीचा दिस करत्यात बाया. पन गुपित लई ठिवत्यात. कुनाच्या घरी काय दिलं, जीव गेला तरी सांगायच्या न्हाईत. म्याच आपली बडबडी." आणि मग, सगळे आपल्याकडेच बघताहेत हे ध्यानात येऊन, त्यांनी नारळ पदराखाली घेतला. "काय चुकलं का माजं?"

"नाही," सुनीती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. खाली बसा, मी आलेच."

त्या गेल्यावर आप्पासाहेब सुनीतीकडे वळले. त्यांचा भाषणाचा आवाज गेला होता आणि घरातला आवाज आला होता. "तुमच्या वर्गाला शिवणयंत्रं मी मिळवून दिली. बायकांनी स्वावलंबी व्हावं म्हणून."

"झाल्या की," सुनीती म्हणाली.

"गरजू बायकांनी. करमरकरांच्या सुनेनं नव्हे. उद्या लोक म्हणतील, करमरकरांनी कारागीर करून आणली. मुलीच्या आईनं आत्ता, आमच्यासमोर सांगितलं की ही हौस आहे. मग हे काय आहे? आम्हाला काय समजलात?"

पेठेत सरोजिनीबाईंशी बोलून कुणी जिंकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि आज त्यांना साधं 'अहो' म्हणता येईना. त्या वळल्या, जिना उतरल्या, माधवरावांच्या बाहीला धरून त्यांना कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"नीरजा पैसे घेऊन लोकांची रुखवतं करते. तुम्हाला ठाऊक होतं?"

माधवराव नारळाच्या पोत्याकडे बघत राहिले.

"मी विचारतेय काहीतरी."

"पुराच्या साली आपल्याकडे दिवाळी झाली, आठवतं?" ते म्हणाले. "ती कशातून झाली असं वाटलं तुला?"

"तुमच्या बांधणीच्या कामातून."

"माझं यंत्र तेव्हा गाळात होतं, सरोजिनी. शेवटपर्यंत चाललंच नाही ते. नवीन आणलं ते नीरजाच्या आणि सुनीतीच्या कामातून. वर्गातल्या बाकीच्या बायकांचीही घरं त्यावरच चालतात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तू लाजेनं मेली असतीस. सुनीती म्हणाली, वहिनींना नको कळायला. नीरजाही तेच म्हणाली. मलाही तसंच वाटलं."

सरोजिनीबाई पोत्याच्या कडेवर बसल्या. शेजारणींना त्या काय काय सांगत आल्या होत्या ते आठवून त्यांचे कान तापले. आमच्या घरावर एवढं संकट आलं, पण मुलीला पैशासाठी बाहेर पाठवायची वेळ आली नाही हो आमच्यावर. हे त्या वाड्यावाड्यांत, देवळात, हळदीकुंकवात सांगत फिरल्या. आणि घरातली तीन माणसं ते ऐकून गप्प बसत होती. रागापेक्षा त्यांना धक्का बसला तो याचाच. आपण घर चालवतो असं समजत होतो, आणि घरानं आपल्याला सांभाळून, झाकून, एका बाजूला ठेवलं होतं.

"अहो, मी इतकी वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

माधवराव नुसतेच त्यांच्या शेजारी बसले, आणि तेवढ्यात दाराबाहेरून सुनीतीची हाक आली. "वहिनी, लवकर या. ते लोक गौरीहराच्या खोलीत गेलेत."

गौरीहराशी बसलेल्या मुलीनं मामा न्यायला येईपर्यंत जागचं हलायचं नसतं. नीरजा पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती आणि अन्नपूर्णेवर चिमटीनं अक्षता वाहत होती. दारात आप्पासाहेब उभे होते. द्वारकाबाई आत येऊन तिच्यापुढे थांबल्या होत्या.

"खरं सांग, तू लोकांची रुखवतं करून विकतेस?"

"हो," नीरजा म्हणाली.

"आम्हाला सांगितलं नाहीस."

"आपण विचारलं नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणखी कुणाकुणाकडे गेलंय हे?" आप्पासाहेबांनी दारातून विचारलं. "आज मांजरीची एक बाई आली. उद्या आमच्याच नात्यातलं कुणी उठेल. यादी कळू दे आम्हाला, मग मुहूर्ताचं बघू."

बघू म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. खाली मांडव भरला होता, सनई लागली होती, आणि मुलगी बोहल्यावर न चढता घरी आली तर पेठ पुढची वीस वर्षं दुसरं काही बोलणार नव्हती.

"ते सांगता येणार नाही," नीरजा म्हणाली.

"का?"

"काम घेताना शब्द दिलेला असतो."

सुनीतीला राहवेना. "नीरजा, आता पुरे झालं. तू सांगत नसशील तर मी..."

"आत्या," नीरजा म्हणाली. एवढंच. सुनीती जागच्या जागी थांबली.

सरोजिनीबाईंनी तेव्हा द्वारकाबाईंकडे पाहिलं. इतका वेळ त्या संतापल्या आहेत असं त्यांना वाटत होतं. पण संतापलेली बाई अशी ओठ आवळून, श्वास धरून उभी राहत नाही. ती घाबरली होती. सुनीती तोंड उघडेल म्हणून घाबरली होती.

आणि सरोजिनीबाईंना दिवाणखाना आठवला. हंसांची चौकट, निळ्या मण्यांचं पाणी, आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, कारण नसताना ओवलेला एक काळा मणी. तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, वा, यांच्याकडेही आमच्या माहेरची रीत आहे.

कुमुदचं रुखवत. कुणाच्या तरी हस्ते, पेठेतल्या कुठल्यातरी वर्गातून आणवलेलं. द्वारकाबाईंना ते कुणी केलं हे आजवर ठाऊक नसावं, आणि आता कळलं होतं. नीरजाला मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं. याद्यांच्या दिवशी त्याच चौकटीखाली बसून तिनं करमरकरांकडचे पोहे खाल्ले होते, आणि डोळ्याची पापणी हलू दिली नव्हती. आताही एक शब्द बोलली तर ती सुटत होती, आणि ती बोलत नव्हती.

पण सरोजिनीबाईंनी कुणाला शब्द दिला नव्हता.

"विहीणबाई, जरा इकडे या," त्या म्हणाल्या. गेलेला आवाज परत आला होता. गौरीहराशेजारच्या तबकावर नीरजानं केलेलं मण्यांचं झाकण होतं, ते त्यांनी उचललं. "हा डावा कोपरा बघा. काळा मणी दिसतो? माझ्या मुलीच्या हातचं काम जिथे जिथे असेल तिथे हा मणी इथेच असतो. मांजरीला असो. कुणाच्या दिवाणखान्यात टांगलेलं असो. यादी कशाला हवी, ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन बघावं."

द्वारकाबाईंनी मणी पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"त्या मण्याचा इथे काय संबंध?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"भावजी, मुहूर्त जवळ आला," द्वारकाबाई म्हणाल्या. "खाली जाऊन श्रीधरला तयार राहायला सांगा."

"पण वहिनी, आत्ता आपण..."

"दृष्टीचा मणी आहे तो. चांगली रीत आहे. जा तुम्ही."

आप्पासाहेबांना काहीही कळलं नाही. आपलं ऐकलं जात नाही एवढं मात्र कळलं, आणि अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नसल्यामुळे ते गेले. त्यांच्यामागून द्वारकाबाई गेल्या, कुणाकडेही न बघता.

पुण्यात वाद जिंकल्यावर माणूस हसत नाही. सरोजिनीबाईंनी नुसता पदर सारखा केला आणि लेकीकडे पाहिलं. आता ही आपल्या गळ्यात पडेल, असं त्यांना वाटलं होतं.

नीरजाच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, हे काय केलंस तू?"

"तुझं लग्न वाचवलं."

"माझं एकटीचं. वर्गात आणखी बायका आहेत गं. आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई लपूनछपून येते. आमच्या तोंडून नाव जाणार नाही या भरवशावर येते. पुरानंतर दुसरं काही नव्हतंच आमच्याकडे, तो भरवसाच होता. आज पहिल्यांदा मोडला, आणि तो माझ्या आईनं."

"मी नाव कुठे घेतलं?"

"त्याहून वाईट केलंस. मणी दाखवलास." तिनं मनगटानं डोळे पुसले. "आत्या कितीदा म्हणाली, तो मणी सोड, एखाद्या दिवशी ओळखू येईल. मला नाही सोडवला. तू शिकवला होतास ना."

सरोजिनीबाई काही बोलणार तोवर मामा आला आणि मुलीला घेऊन गेला. मग अंतरपाट, मंगलाष्टकं, टाळ्यांचा गलका. त्या सगळ्यात त्या उभ्या होत्या, अक्षता टाकत होत्या, आणि मुलगी बोहल्यावर चढली याचा आनंद व्हायला हवा तसा होत नव्हता.

विहिणींची पंगत बसली तेव्हा वाढायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. चांदीच्या ताटांपुढे द्वारकाबाई, कुमुदच्या सासूबाई आणि करमरकरांकडच्या बाकीच्या बायका. पलीकडे नवरा-नवरीचं पान, श्रीधर आणि नीरजा. उखाण्यांसाठी आग्रह चालला होता.

माडीवरची गोष्ट एव्हाना मांडवभर झाली होती. सोजरबाई कोपऱ्यात अवघडून जेवत होत्या. द्वारकाबाईंनी पहिल्या घासापुढे काही खाल्लं नव्हतं. सरोजिनीबाई जिलबीचं ताट घेऊन त्यांच्यापुढे आल्या तेवढ्यात कुमुदच्या सासूबाईंनी मान वर केली.

"काय हो साठ्येबाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "तुमची मुलगी रुखवतं करून विकते म्हणे. खरं का?"

"हो, विकते," सरोजिनीबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले आणि त्यांना वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. "पुरानंतर आमचं घर तिनंच उभं केलं."

"म्हणजे पुष्कळ घरी गेलं असणार तिचं काम. ते हंस पाहिले मी वर. आमच्या कुमुदच्या रुखवतातले अगदी असेच आहेत. मला मेलं सकाळपासून राहून राहून वाटतंय." त्यांनी द्वारकाबाईंकडे बघितलं आणि पुन्हा सरोजिनीबाईंकडे. "कुणाकुणाकडे गेलंय हो?"

पंगतीतले हात थांबले. द्वारकाबाईंचा हात भातावर तसाच राहिला. त्यांनी वर पाहिलं नाही. कुमुदचं सगळं सासर आता सरोजिनीबाईंच्या जिभेवर होतं, आणि ती जीभ कशी आहे हे द्वारकाबाईंनी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं.



"हंस काय, पेठेत घरोघरी करतात," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि कुणाकडे काय गेलं, ते आम्ही सांगत नाही."

पलीकडे नीरजानं खाली घातलेली मान वर केली. सरोजिनीबाईंनी तिकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ताट हातातून सुटलं असतं. त्या द्वारकाबाईंपुढे वाकल्या.

"विहीणबाई, जिलबी वाढू?"

"वाढा," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि जेवू लागल्या.